पहिली स्लाव्हिक भाषा कोणती? मराठी बोलणाऱ्यांनी निवड कशी करावी

रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या भाषा ज्या कुळातल्या, ते स्लाव्हिक कुळ. 'सर्वांत सोपी स्लाव्हिक भाषा कोणती' असा शोध घेतला की बहुतेकदा बल्गेरियन हे उत्तर येते, कारण त्या भाषेत नामांच्या विभक्ती जवळजवळ उरलेल्या नाहीत. हे उत्तर इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार झालेले आहे. ज्याने 'घर'चे 'घरा' होताना कधी ऐकले नाही, ज्याच्या भाषेत टेबलाला आणि खुर्चीला लिंग नाही, त्याला विभक्तीची धास्ती वाटणारच. मराठी माणूस 'घरात, घराला, घरातून, घराजवळ' दिवसभर बोलतो. म्हणून सोपेपणाच्या त्या याद्या बाजूला ठेवा. शिवाय अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था रशियन, पोलिश, चेक आणि बल्गेरियन या चारही भाषांना एकाच गटात टाकते: ४४ आठवडे, सुमारे ११०० तासांचे वर्ग. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यालासुद्धा बल्गेरियनमध्ये फारशी सवलत नाही.

निवड करताना आधी पाहायचे ते ठिकाण: भाषा कुठे आणि कुणाशी वापरणार. मग ध्वनी आणि लिपी. व्याकरण सर्वांत शेवटी.

(या लेखात परकी शब्द देवनागरीत दिले आहेत. 'ज़' म्हणजे उर्दूतल्या 'ज़मीन'मधला, 'ख़' म्हणजे 'ख़बर'मधला, घशातून घासून येणारा. आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर दिला जाणारा जोर, आणि काही बारकावे देवनागरीत दाखवता येत नाहीत. त्याचा त्रास कुठे होतो ते पुढे येईल.)

मराठीमुळे काय आयते मिळते

स्लाव्हिक कुळाचे तीन गट आहेत. पूर्वेकडचा रशियन, युक्रेनियन, बेलारुसी. पश्चिमेचा पोलिश, चेक, स्लोव्हाक. दक्षिणेचा स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. मराठीसारख्याच या सगळ्या भारत-युरोपीय कुटुंबातल्या. त्यामुळे रशियनमध्ये दार म्हणजे 'द्वेर', मध म्हणजे 'म्योद', धूर म्हणजे 'दीम', नवा म्हणजे 'नोवी', सुका म्हणजे 'सुखोय', शंभर म्हणजे 'स्तो'. असे शब्द भेटले की आनंद होतो, पण ते काही डझनच आहेत. रोजचा शब्दसंग्रह पाठच करावा लागतो. खरा फायदा वाक्यरचनेत आहे.

लिंगे तीन: तो, ती, ते. रशियनमध्ये 'तोत, ता, तो', पोलिश आणि चेकमध्ये 'तेन, ता, तो'. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते: आला, आली, आले. रशियनमध्ये 'होता, होती, होते' म्हणजे 'बिल, बिला, बिलो'. (दोन्हीकडचा 'ल' दिसायला सारखा असला तरी त्यांचे उगम वेगळे मानले जातात. शिकणाऱ्याला मात्र उपयोग होतोच.)

'मला आवडते' ही रचना जशीच्या तशी मिळते: रशियन 'म्न्ये न्रावित्सा', चेक 'लीबी से मी', सर्बियन 'स्वीजा मी से'. यातल्या 'मी'चा अर्थ 'मला', हे पहिले चार दिवस गोंधळात टाकते. 'मला थंडी वाजते', 'मला कंटाळा आला' यांनाही तशाच रचना आहेत. रशियनमध्ये 'माझ्याकडे पुस्तक आहे' हेही आपल्याच पद्धतीने म्हणतात, 'मी पुस्तक बाळगतो' अशा रचनेने नाही.

आपण 'मी टेबल पाहतो' म्हणतो, पण 'मी भावाला पाहतो'. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. रशियन पुल्लिंगी एकवचनात हेच होते: 'वीझू स्तोल', पण 'वीझू ब्राता'. नियम पाठ करायला इतरांना आठवडे लागतात, मराठी कानाला तो दोन वाक्यांत पटतो. 'तो आपले पुस्तक घेतो' यातल्या 'आपले'साठीही या भाषांत स्वतंत्र शब्द आहे आणि तो त्याच जागी येतो.

आता ध्वनी. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च हे मराठीत वेगळे आहेत. हिंदी बोलणाऱ्याकडे त्यातला पहिला नाही. सगळ्या स्लाव्हिक भाषांत हे दोन्ही लागतात. पोलिशमध्ये आणि रशियनमध्ये 'ष'ला जवळचा एक ध्वनी आहे, जीभ मागे वळवून काढलेला. ज्यांच्या तोंडी 'ष' आणि 'श' अजून वेगळे आहेत त्यांना पोलिश बरीच हलकी जाईल. चेक, सर्बियन, क्रोएशियनमध्ये स्वराशिवायचा 'र' संस्कृतातल्या ऋसारखा अक्षर पेलतो: बोटाला 'प्र्स्त', रक्ताला सर्बियनमध्ये 'क्र्व'.

पायरी पहिली: ठिकाण ठरवा

कागदावर एक वाक्य लिहा: 'पुढच्या दोन वर्षांत मी ही भाषा ___ या गावी, ___ यांच्याशी, ___ यासाठी बोलेन.' रिकाम्या जागा भरल्या तर निम्मी निवड झाली.

*वैद्यकीय शिक्षण, गोव्यातले पर्यटन, मध्य आशिया: रशियन.* रशियात किंवा किर्गिझस्तानात एमबीबीएसला जाणाऱ्यांना वर्ग इंग्रजीत मिळतात, पण वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. 'ग्द्ये बलीत?' म्हणजे 'कुठे दुखते?' हे तिसऱ्या वर्षी शिकायला घेतले तर उशीर झालेला असतो. जाण्याआधी सहा महिने सुरू करा. छापील अक्षरांबरोबर हाताने लिहायची वळणदार लिपीही शिका, कारण केसपेपर तिच्यातच असतात. तिच्यात 'त' हा इंग्रजी 'एम'सारखा आणि 'द' हा 'जी'सारखा दिसतो. रशियन माध्यमातून पदवी घ्यायची असेल तर आधी एक वर्षाचा तयारी अभ्यासक्रम असतो, त्याला तिथे 'पोदफाक' म्हणतात. परीक्षा 'त्रकी' या नावाने ओळखली जाते आणि पदवीच्या प्रवेशासाठी तिची पहिली पातळी, म्हणजे ए-१ ते सी-२ अशा युरोपीय मोजणीतली बी-१, धरतात. गोव्यात मोरजी-हरमल पट्ट्यात दुकानांवर रशियन पाट्या दिसतात. तिथे टॅक्सी, खोल्या, खानावळ चालवणाऱ्याला तीनशे शब्दही कमाई देतात.

महाराष्ट्रात समोर बसून शिकायची सोय रशियनची आहे: पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, मुंबईत विद्यापीठाच्या रशियन विभागात आणि पेडर रोडवरच्या रशियन हाऊसमध्ये. शिक्षक जवळ असणे ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका.

*पोलंडमध्ये शिक्षण, गोदामे, आयटी: पोलिश.* नागरिकत्वासाठी बी-१ पातळीचा दाखला लागतो, म्हणजे राहायचे ठरवले तर भाषा टळत नाही. पोलिशमध्ये आदराने बोलताना समोरच्याला तृतीय पुरुषात विचारतात: 'चि पान व्ये?' शब्दशः 'साहेबांना माहीत आहे का?' आपण 'साहेब चहा घेणार का?' असे साहेबांनाच विचारतो, तेच हे. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, ही मोठी सोय. आणखी एका वाचकाला पोलिशच लागेल: कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या आठवणी आणि पत्रे मुळात पोलिशमध्ये आहेत. स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

*चेक प्रजासत्ताक.* सरकारी विद्यापीठात चेक माध्यमातून शिकल्यास शिकवणी शुल्क नसते, मग विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो. कायम निवासासाठी २०२१पासून ए-२ पातळी लागते. पुस्तकी चेक आणि प्रागच्या रस्त्यावरची चेक यांत आपल्या 'केले' आणि 'केलं'पेक्षा मोठे अंतर आहे. पुस्तकात 'दोब्री' (चांगला), तोंडी 'दोब्रेय'. पहिल्या महिन्यापासून दोन्ही ऐका. संगीतकार द्वोर्झाकच्या नावातला 'र्झ' हा 'र' आणि 'झ' एकाच वेळी म्हणायचा ध्वनी आहे. तो यायला महिने लागतात आणि तोपर्यंत कुणी अडवत नाही. स्लोव्हाक शिकणाऱ्याला चेक जवळपास फुकट समजते आणि पोलिशही बरीच कळते. पण स्लोव्हाकियात काम नसेल तर केवळ या कारणासाठी तिच्यापासून सुरुवात करू नका, साहित्य कमी आहे.

*क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो.* बांधकाम, हॉटेल आणि डिलिव्हरीच्या कामासाठी भारतातून क्रोएशियाला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. एकदा शिकलेली भाषा चार देशांत चालते. फरक आहेत, पण ते शब्दांचे आणि थोडे उच्चारांचे: दूध सर्बियात 'म्लेको', क्रोएशियात 'म्लिएको', पाव सर्बियात 'ख़्लेब', क्रोएशियात 'क्रूख़'. लिहायचे तसे वाचायचे, हा नियम इथे देवनागरीहूनही काटेकोर आहे. सर्बियनला दोन लिप्या आहेत, तर क्रोएशियनला रोमनच. 'च'चे तीन प्रकार पुस्तकात असले तरी त्यातले दोन अनेक क्रोएशियन लोक स्वतःच एकसारखे म्हणतात.

*बल्गेरियन.* विभक्ती नाहीत, पण क्रियापदाच्या काळांचा पसारा मोठा आहे. 'ते पुस्तक' असे ठरावीक पुस्तक दाखवायला प्रत्यय शेवटी लागतो: 'क्नीगा', 'क्नीगाता'. यातले एक रूप मात्र मराठी माणसाला लगेच भावते. ऐकीव गोष्ट सांगताना क्रियापद बदलते: 'तोय दोशल' म्हणजे 'तो आला म्हणे'. आपल्या त्या एका 'म्हणे'साठी बल्गेरियनमध्ये क्रियापदाची पूर्ण वेगळी रूपावली आहे.

*युक्रेनियन* ही रशियनची बोली नाही. तिचे शब्द अनेकदा पोलिशला जवळचे असतात आणि 'ओ'चा उच्चार रशियनसारखा 'अ' किंवा 'आ'कडे न झुकता 'ओ'च राहतो. युरोपात युक्रेनियन कुटुंबांबरोबर काम करणार असाल तर थेट हीच शिका, रशियनमार्गे जाऊ नका. *स्लोव्हेनियन* छोट्या देशाची भाषा, पण तिच्यात द्विवचन जिवंत आहे. शाळेत संस्कृत मनापासून शिकलेल्यांना ती आवडून जाते.

आणि वाक्यातल्या जागा रिकाम्याच राहिल्या तर? नुसत्या आवडीने शिकायचे असेल तर दोनच पर्याय सुचवावेसे वाटतात. वर्ग, पुस्तके, सोबती हवे असतील तर रशियन. घरी एकट्याने शिकायचे असेल तर क्रोएशियन-सर्बियन, कारण तिथे वाचता येणे आणि उच्चारता येणे यांत अंतर नाही.

पायरी दुसरी: सात दिवसांची चाचणी

दोन भाषा निवडा. प्रत्येकीला एक आठवडा, रोज ४० मिनिटे. पैसे भरण्याआधी हे करा.

दिवस पहिला आणि दुसरा लिपीला. रशियनची ३३ अक्षरे आहेत. त्यातली ओळखीची वाटणारीच फसवतात: इंग्रजी 'बी'सारखे दिसणारे 'व', 'एच'सारखे 'न', 'पी'सारखे 'र', 'सी'सारखे 'स', 'वाय'सारखे 'ऊ', 'एक्स'सारखे 'ख़'. म्हणून 'रेस्तरान'ची पाटी नवख्याला 'पेक्टोपाह' दिसते. ही सहा आधी घ्या, नवीन आकाराची अक्षरे नंतर. देवनागरीची जोडाक्षरे जमलेल्या माणसाला ही लिपी चार-पाच दिवसांत वाचता येते. लिपीच्या भीतीने रशियन सोडणे ही सर्वांत वाईट निवड आहे.

दिवस तिसरा पैशांना. एक, दोन, पाच रुबल म्हणजे 'ओदिन रूब्ल, द्वा रुब्ल्या, प्यात् रुब्ल्येय'. पोलिश 'येदेन ज़्वोती, द्वा ज़्वोते, प्यँच ज़्वोतिख़'. दोन ते चारला एक रूप, पाचपासून दुसरे. मराठीत असे काहीच नाही, म्हणून इथे खरी कसोटी लागते. दहा किमती मोठ्याने म्हणा.

दिवस चौथा ते सहावा या दहा वाक्यांना. शिक्षकाकडून किंवा चांगल्या पुस्तकातून ती करून घ्या: ही शाळा आहे. मी शाळेत आहे. मी शाळेत जातो. मी शाळेतून आलो. मला शाळा आवडते. माझ्याकडे पुस्तक नाही. मी भावाला पाहतो. मी भावाबरोबर जातो. मी पत्र लिहीत होतो. मी पत्र लिहून टाकले. सगळ्या महत्त्वाच्या विभक्ती आणि क्रियापदाची दोन्ही अंगे (चालू असलेली क्रिया आणि संपलेली क्रिया) यांत येतात. प्रत्येक वाक्य न बघता म्हणता आले पाहिजे.

सातवा दिवस फक्त ऐकण्याचा: वीस मिनिटे बातम्या, वीस मिनिटे मुलांचा कार्यक्रम. अर्थ लागणार नाही. शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कळते का, एवढेच पाहा. ज्या भाषेचा आवाज दुसऱ्या दिवशीही ऐकावासा वाटतो ती पुढे टिकते. दोन्ही बरोबरीत असतील तर जिचा शिक्षक तुम्हाला आठवड्यातून दोनदा मिळू शकतो ती घ्या.

मराठी माणूस नेमका कुठे चुकतो

पहिली चूक 'खाल्ली'ची. मराठीत पुरुष 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो, कारण क्रियापद भाकरीप्रमाणे चालते. स्लाव्हिक भाषांत ते कर्त्याप्रमाणे चालते. रशियनमध्ये पुरुषाने 'या स्येल' आणि बाईने 'या स्येला' म्हणायचे, मग खाल्ली भाकरी असो वा आंबा. ही चूक दुसऱ्या महिन्यात सुरू होते, कारण तोवर डोक्यातून वाक्य मराठीतून येऊ लागते. उपाय एकच: भूतकाळाची पहिली पन्नास वाक्ये फक्त स्वतःबद्दल म्हणा आणि कर्म मुद्दाम उलट्या लिंगाचे घ्या.

दुसरी चूक 'शाळेत'ची. आपला 'त' जाणे आणि असणे दोन्हीला चालतो. तिकडे नाही. रशियन 'व श्कोल्ये' म्हणजे शाळेत असणे, 'व श्कोलू' म्हणजे शाळेत जाणे. क्रोएशियन 'उ श्कोली' आणि 'उ श्कोलू'. प्रत्येक ठिकाणाचा शब्द या जोडीनेच वहीत लिहा.

तिसरी चूक वहीचीच. देवनागरीत 'ब्रात' लिहिले की भाऊ आणि 'घेणे' हे दोन रशियन शब्द एकसारखे दिसतात. फरक शेवटच्या व्यंजनाच्या मृदूपणाचा आहे. 'ज़ामक' म्हणजे किल्ला आणि 'ज़मोक' म्हणजे कुलूप, मूळ लिपीत दोन्हींचे स्पेलिंग एकच, फक्त आघात वेगळा. दूध 'मोलोको' लिहितात आणि 'मलाको' म्हणतात. देवनागरी टिपणे पहिल्या आठवड्यापुरतीच ठेवा. नंतर मूळ लिपीत लिहा आणि प्रत्येक रशियन शब्दावर आघाताची खूण करा. आघाताशिवाय शिकलेला शब्द पुन्हा शिकावा लागतो.

चौथी गोष्ट क्रियापदांच्या जोड्यांची. जवळजवळ प्रत्येक क्रियापद दोन: चालू किंवा वारंवार होणारे, आणि एकदाच होऊन संपलेले. रशियन 'पिसात्' आणि 'नपिसात्' यांना मराठीतली 'लिहिणे' आणि 'लिहून काढणे' ही जोडी बरीच जवळची आहे. आपण 'खाऊन टाक', 'वाचून काढ' सहज म्हणतो. तीच जाणीव इथे वापरा आणि क्रियापद कधीही एकटे पाठ करू नका.

पहिले बारा आठवडे

आठवड्याला सहा दिवस, रोज ४५ मिनिटे धरले तर बारा आठवड्यांत ५४ तास होतात. एवढ्यात ओळख, बाजार, रस्ता, वेळ, किंमत इतके बोलता यायला हवे. पहिले दोन आठवडे लिपी आणि ध्वनी. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत कर्त्याची, कर्माची आणि 'कुठे'ची विभक्ती, एवढ्या तीनच, आणि रोज दहा शब्द. सातव्यापासून भूतकाळ आणि मालकीची विभक्ती. नवव्यापासून आठवड्याला दोन वेळा तीस-तीस मिनिटे माणसाशी बोलणे. सहा-सात विभक्तींचा तक्ता पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावून पाठ करणारे बहुतेक जण महिन्यात थकतात.

ॲपवर विसंबू नका, पण शब्दांच्या उजळणीला ते चांगले. ड्युओलिंगोवर रशियन, पोलिश, चेक आणि युक्रेनियन आहेत. बल्गेरियन, स्लोव्हाक किंवा क्रोएशियनसाठी पुस्तक आणि शिक्षक हाच मार्ग. कीबोर्ड पहिल्याच दिवशी बसवा. पोलिशसाठी संगणकात 'पोलिश प्रोग्रामर्स' निवडा. उजवे ऑल्ट दाबून ठेवले की नेहमीच्या अक्षरांवरच खुणा उमटतात. रशियनसाठी उच्चाराप्रमाणे बसवलेला कीबोर्ड घेतला तर टंकन दोन दिवसांत जमते.

बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत दुसरी स्लाव्हिक भाषा उघडू नका, आणि खरे तर बी-१पर्यंत थांबा. शब्द सारखे दिसतात आणि उलटे निघतात. चेकमध्ये 'पोज़ोर' म्हणजे सावधान, रशियनमध्ये 'पज़ोर' म्हणजे लाज. चेकमध्ये 'चेर्स्त्वी' पाव म्हणजे ताजा, रशियनमध्ये 'चोर्स्त्वी' म्हणजे शिळा. 'लिस्तोपाद' हा पानगळीचा महिना पोलिश, चेक आणि युक्रेनियनमध्ये नोव्हेंबर आहे, क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. तारखा ठरवताना तो आकड्यातच लिहा.